थायलंडमध्ये रेशीम, सोनं आणि जुन्या वस्तू घेताना

थाई रेशीम घेताना आधी मोराचा शिक्का शोधा. सोनेरी मोर म्हणजे देशी किड्यांचं रेशीम, हातमागावर पारंपरिक पद्धतीने विणलेलं. चंदेरी आणि निळा मोर असलेलं कापडही अस्सल रेशमाचंच. हिरव्या मोरात मात्र दुसऱ्या धाग्यांची भेसळ असते, तीही उघड सांगून. शिक्का नसेल तर काठाचा एक धागा दुकानदाराकडून मागून घ्या आणि जाळून बघा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सोनं बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या 'याओवारात' नावाच्या रस्त्यावरच्या दुकानांतून घ्यावं. तिथलं दागिन्यांचं सोनं ९६.५ टक्के, म्हणजे आपल्या २२ कॅरेटपेक्षा शुद्ध. वजन 'बाट'मध्ये सांगतात. दागिन्यांचा एक बाट १५.१६ ग्रॅमचा. चलनाचं नावही बाटच, त्यामुळे गोंधळ ठरलेला! सोन्याचा भाव दुकानात लिहिलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. टुकटुकवाल्याने 'आज मंदिर बंद आहे' म्हणत रत्नांच्या दुकानात नेलं, तर सरळ उठून या.

जुनी वस्तू किंवा बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायची तर ललित कला विभागाचा परवाना लागतो, तोही निघण्याआधी. तो काढायला काही दिवस जातात, म्हणून अशी खरेदी सहलीच्या सुरुवातीलाच करा. 'परवान्याची गरज नाही' असं दुकानदार म्हणाला, तरी विमानतळावर अडणार तुम्हीच.