स्वस्त इलेक्ट्रिक गिटार महाग गिटारच्या तोडीची आहे का, हे कसे पारखावे

गेल्या श्रावणात रत्नागिरीच्या आमच्या घरी ओटीवर दोन इलेक्ट्रिक गिटारी एकाच चटईवर ठेवल्या होत्या. एक भाच्याने पैसे साठवून घेतलेली, तर दुसरी माझ्या मित्राची, आकाराने तशीच पण किमतीने सहापट. भाच्याने दोन्ही पाचेक मिनिटे वाजवल्या आणि निकाल दिला, "मामा, माझीच बरी वाजते." त्याच्या कानाचे काही चुकले नव्हते. मित्राने शिमग्यानंतर तारा बदलल्याच नव्हत्या आणि खाऱ्या हवेने त्यांवर तांबूस ठिपके धरले होते. दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या नव्या तारा घातल्या आणि त्यांची उंची सारखी केली, तेव्हा निकाल बदलला. मात्र फार नाही. पारख करायची ती या टप्प्यानंतर. त्याआधी आपण गिटारची नव्हे, तिच्या देखभालीची परीक्षा घेत असतो.

तुलना एकाच घराण्यातल्या गिटारींची असावी. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली आणि तिची स्वस्त आवृत्ती स्क्वायर या नावाने 1982 पासून निघू लागली. गिब्सनने 1957 साली एपिफोन ताब्यात घेतली आणि आज तिच्या नावाखाली गिब्सनच्याच नमुन्यांच्या परवडणाऱ्या गिटारी मिळतात. फेंडर घराण्यात तारेची वाजती लांबी बहुधा 648 मिलिमीटर, तर गिब्सन घराण्यात सुमारे 628 मिलिमीटर असते. तारा आणि सूर तेच असले तरी लांबी वाढली की ताण वाढतो. त्यामुळे स्वस्त स्ट्रॅटोकास्टर गिब्सनच्या महाग लेस पॉल गिटारशेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी ठरतो.

जुळवणीसाठी दोन्ही गिटारींना 0.010 ते 0.046 इंच जाडीच्या तारांचा एकच संच घालावा. नंतर प्रत्येक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे सतारीच्या भाषेत पडद्यावर, दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट पुरेशी असते. कमी-जास्त असेल तर गळ्याचा बाक ठरवणारी आतली सळई पाना लावून पाव वेढ्याने फिरवावी, एका दमात त्याहून अधिक फिरवू नये. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 1.6 मिलिमीटरच्या आसपास आणावी. पिकअपची, म्हणजे तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची, उंचीही जुळवावी, कारण तो तारेच्या जवळ गेला की आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. पण तो फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरल्यासारखा येतो.

आता फ्रेट. माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल येथेच लागतो. जुने एटीएम कार्ड घ्यावे आणि त्याची कड गळ्याच्या लांबीच्या दिशेने तीन लागोपाठच्या फ्रेटवर उभी धरून हलकेच डोलवून पाहावी. सुरुवातीच्या फ्रेटवर लांब कड, तर पुढे आखूड कड वापरावी. शेवटच्या फ्रेटवर तीही लांब पडते, म्हणून कार्डाचा लहान तुकडा कापून घ्यावा. कड टक्‌टक्‌ करत डोलली तर मधला फ्रेट उंच आहे. त्यानंतर बाराव्या फ्रेटपासून वर प्रत्येक जागी बारीक तार पूर्ण एका स्वराने ताणावी. आवाज मध्येच गुदमरला तर समजावे की पुढचा कुठलातरी फ्रेट तारेला अडवतो आहे. फ्रेटची टोके हाताला लागतात का, हेही बोट फिरवून पाहावे, पण कोकणात पावसाळ्यात ही चाचणी फसवी असते. दमट हवेत लाकूड फुगते आणि टोके आत दडल्यासारखी वाटतात, तर तीच गिटार घाटावरच्या कोरड्या हवेत नेली की लाकूड आक्रसते आणि टोके बोटाला बोचू लागतात. म्हणून शक्य असेल तर पौष-माघात पुन्हा एकदा पाहावे.

फिंगरबोर्डच्या, म्हणजे गळ्यावरच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या, लाकडावरून मात्र घाईने मत बनवू नये. स्वस्त गिटारींवर पुष्कळदा इंडियन लॉरेल लिहिलेले असते. हा आपला ऐनच, कोकणात घरांच्या वाशांना लागणारा. या पट्टीला पूर्वापार लागणाऱ्या शिसवाच्या जातकुळीवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोपर्यंत पर्यायी लाकडे रुळली होती. बोर्ड कोरडा वाटला तर थोडे तेल द्यावे आणि पुढे जावे. पिकअप तारेचे कंपन चुंबकीय क्षेत्रातून टिपतो, त्यामुळे बॉडीच्या लाकडाविषयीचे वादही मी फारसे मनावर घेत नाही.

सुराची परीक्षा दोन भागांत होते. प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे बोट नुसते टेकवून काढलेला स्वर, आणि दाबून काढलेला स्वर ट्युनरवर मिळवून पाहावेत. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल, म्हणजे बॉडीवरचा तारेचा टेकू, मागे घ्यावा, उतरलेला आला तर पुढे आणावा. दुसरा भाग नटचा, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला गळ्याच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट राहायला हवी. नंतर गिटार सुरात लावून तिसरी तार दहा वेळा ताणावी आणि पुन्हा सूर तपासावा. सूर उतरला की लोक खुंटीला दोष देतात, पण बहुधा नटच्या खाचेत तार अडकलेली असते आणि शिसपेन्सिलीची पूड तेथे घासली की बराच गुण येतो. माझ्या पहिल्या गिटारच्या खुंट्या मी उगाच बदलल्या होत्या.

पिकअपचा आवाज ऐकताना ॲम्प्लिफायर एकच असावा, त्याचा टोन स्वच्छ असावा आणि वादक दुसराच कोणीतरी असावा. आपण पाठ फिरवून बसावे आणि त्याने न सांगता गिटार बदलावी. दहापैकी किती वेळा महाग गिटार बरोबर ओळखली, ते कागदावर लिहावे. भाच्याला पाच वेळा ओळखता आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीच्या, पिकअपमधली गुणगुण हा स्वस्तपणाचा पुरावा नव्हे, ती महाग गिटारातही असते. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर वायरिंग ठीक आहे असे समजावे. मात्र झटका बसला तर वाजवणे तत्काळ थांबवून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. पावसात वीज गेली असताना इन्व्हर्टरवर ही परीक्षा घेऊ नये. काही इन्व्हर्टर स्वतःच इतके करकरतात की दोन्ही गिटारी सारख्याच वाईट ठरतात.

उरतो धातू, आणि किनाऱ्यावर तो सर्वाधिक खर्चाला घालतो. सॅडलचे बारीक स्क्रू स्वस्त गिटारात लवकर गंजतात आणि एकदा जाम झाले की उंची बदलता येत नाही. पिकअपचा स्विच आणि पोटेन्शियोमीटर, म्हणजे आवाजाच्या कळा, मागे-पुढे फिरवून ऐकावे. खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरने ती जाते का पाहावे. हे सगळे भाग बदलता येतात, पिकअपही बदलता येतो. गळा वाकडा असेल किंवा फ्रेट असमान असतील, तर मात्र ते सरळ करून देणारा माणूस शोधत आपल्याला घाट चढून जावे लागते आणि जाण्यायेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. म्हणून मी बदलायच्या भागांची किंमत स्वस्त गिटारच्या किमतीत मिळवतो आणि ती बेरीज महाग गिटारच्या निम्म्यावर गेली तर स्वस्त गिटार सोडून देतो. भाच्याच्या गिटारला नट आणि सॅडल एवढेच बदलावे लागले. गळा सरळ निघाला, म्हणून ती ठेवली.