शाळेनंतर वीज क्षेत्रात उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कशी सुरू करावी

'मला इलेक्ट्रिकलमध्ये जायचंय' एवढ्याने काही ठरत नाही. वीज केंद्रात जनित्राची देखभाल करणारा, मनोऱ्यावर चढून ४०० केव्ही (४ लाख व्होल्ट) लाइनचे इन्सुलेटर, म्हणजे तारेची वीज मनोऱ्यात उतरू न देणारे भाग, बदलणारा, खड्ड्यात बसून केबलचा जॉइंट मारणारा आणि घरात वायरिंग ओढणारा, सगळे विजेचंच काम करतात. पण त्यांच्या दिवसांत फारसं साम्य नसतं. लाइनवर ऊन, पाऊस, उंची आणि अवेळी येणारे फोन. वादळात बाकीचे घरात शिरतात तेव्हा लाइनमन बाहेर पडतो. रिले (बिघाड ओळखून सप्लाय तोडायला लावणारं उपकरण) आणि मीटरच्या टेस्टिंगमध्ये अंगमेहनत कमी, पण आकडेमोड आणि नोंदी भरपूर. घरगुती वायरिंगमध्ये रोज नवी जागा, नवी माणसं, आणि बराच वेळ भिंतीला खाचा पाडण्यात जातो. ओळखीत कुणी या कामात असेल तर पगाराचं शेवटी विचारा. आधी विचारा, सकाळी कामावर गेल्यावर पहिले दोन तास नेमकं काय करता?

शाखा ठरली की अर्जाआधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर सहसा आड येत नाही, रंगांधळेपणा येऊ शकतो. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि अनेकांना ते वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांची पानं समोर आल्यावरच कळतं. फेज (वीज आणणारी वायर), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली) ओळखायचे ते वायरच्या रंगावरून, त्यामुळे ही अट उगाच नसते. अडचण निघालीच तर त्याच क्षेत्रात रंगांवर न अडणारी कामंही आहेत, पण ते आधी कळलेलं बरं.

गणिताला घाबरू नका, पण टाळूही नका. निवड परीक्षेत सहसा शाळेतलंच येतं: अपूर्णांक, टक्केवारी, सूत्र फिरवून उत्तर काढणं. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर किती अँपिअर घेईल? २००० भागिले २३०, म्हणजे साधारण ८.७. मग त्याला ६ अँपिअरचा ब्रेकर (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) का चालणार नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर तुमची तयारी बरी आहे.

जागा शोधताना फक्त वीज कंपन्यांकडे बघू नका. रेल्वे, कारखाने, मोठी रुग्णालयं, पॅनल बनवणारे, वायरिंगची कंत्राटं घेणारे, सगळ्यांना शिकाऊ हात लागतात. जाहिराती बऱ्याचदा वर्षातून एकदाच निघतात आणि प्रशिक्षण सुरू होण्याच्या कितीतरी आधी अर्जाची मुदत संपते. म्हणून शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होतानाच तारखा लिहून ठेवा.

अर्जात 'मी मेहनती आहे' हे वाक्य सगळेच लिहितात. त्यापेक्षा हाताने केलेलं काही दाखवा: दुरुस्त केलेली सायकल, बॅटरी आणि एलईडीवर बांधलेलं छोटं सर्किट, त्याची वहीत काढलेली आकृती. विजेवर मूलभूत संशोधन करणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे १४ व्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला होता. पुढे त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणं स्वतः बांधून त्यालाच पाठवली, आणि १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत सहायकाची जागा मिळाली. माझ्या मते इतका चांगला नोकरीचा अर्ज क्वचितच कुणी केला असेल.

निवड झाली की करार नीट वाचा. विद्यावेतन किती आणि कधी वाढणार, वर्गातलं शिक्षण कुठे आणि त्या दिवसांचे पैसे मिळणार का, सुरक्षा साहित्य कोण देणार, शेवटी मिळणारं प्रमाणपत्र दुसरीकडे चालतं का, हे स्पष्ट असायला हवं. उमेदवारी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. या व्यवहारात पैसे उमेदवाराला मिळायचे असतात.

सुरुवातीचे काही महिने बहुतेकांना कंटाळवाणे जातात. सामान उचला, केबल ओढा, वायरच्या टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून बसवा, बघत उभे राहा. पण याच काळात एक गोष्ट हाताला पक्की बसायला हवी: वीज बंद आहे, याची खात्री करणं. ब्रेकर खाली केला म्हणजे झालं असं नाही. तिथे आपलं कुलूप लावायचं, पाटी अडकवायची, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, त्यानंतर कामाच्या जागी फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तपासायचं, आणि पुन्हा त्याच चालू सप्लायवर टेस्टर लावायचा. शेवटची पायरी अनेकजण गाळतात. मधल्या मिनिटात टेस्टरच बिघडला असेल तर 'सप्लाय नाही' याला काही अर्थ उरत नाही. खिशातल्या पेनसारख्या टेस्टरचा दिवा लागला नाही, यावर तर कधीच विसंबू नका.

लाइनवर यापुढे आणखी एक काम असतं, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणं, म्हणजे तारा जमिनीला जोडणं. शटडाऊन घेतल्यावरही, म्हणजे लाइन बंद करून घेतल्यावरही, कुणाच्या जनरेटरमधून उलटा सप्लाय येऊ शकतो, आणि शेजारून जाणाऱ्या चालू लाइनमुळे बंद तारेतही व्होल्टेज तयार होतं. लांब केबल आणि कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) तर बंद केल्यावरही चार्ज धरून बसतात. कुणी 'दोन मिनिटांचं काम आहे, चालू लाइनवरच कर' म्हणालं तर शिकाऊ असलात तरी नाही म्हणा आणि पर्यवेक्षकाला सांगा.

कामाची वही रोजच्या रोज भरा: काय केलं, कुठली उपकरणं वापरली, कुणाच्या देखरेखीखाली. सही आठवड्याला घ्या, कारण महिन्यांनी मागायला गेलं की तो माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. वहीत नुसतं केबल ओढणंच दिसू लागलं तर वर्ष संपायची वाट न बघता, टेस्टिंग किंवा पॅनलच्या कामावर पाठवा, असं वही समोर ठेवून सांगा.