संपूर्ण ब्लॉक क्लिक करण्याजोगा करताना: लिंक एकच ठेवावी आणि ती पसरवावी

संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर छायाचित्र, शीर्षक आणि दोन ओळींचा मजकूर असलेली चौकट दिसली, की वाचक नेमके शीर्षक शोधत बसत नाही. जिथे बोट पडेल तिथे तो ते टेकवतो. ते बोट छायाचित्रावर किंवा मजकुराखालच्या मोकळ्या जागेत पडले आणि काहीच घडले नाही, तर पान बिघडलेले आहे असाच त्याचा समज होतो. म्हणून संपूर्ण चौकट क्लिक करण्याजोगी असावी ही अपेक्षा रास्त आहे. संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत डिसेंबर २०१८ मध्ये ५.० या आवृत्तीबरोबर ब्लॉक संपादक आला; त्यात पान ‘ब्लॉक’ नावाच्या सुट्या तुकड्यांनी रचले जाते. तेथे शीर्षकाला, चित्राला आणि बटणाला लिंक सहज देता येते. मात्र या सर्वांना एकत्र बांधणारा ग्रुप ब्लॉक निवडला, तर वरच्या पट्टीत लिंकचे ते परिचित चिन्ह सहसा सापडत नाही. ही उणीव भरून काढण्याचे अनेक मार्ग प्रचलित आहेत, पण त्यांतला एकच मला निर्धोक वाटतो. लिंक शीर्षकावरच ठेवावी, तिचा क्लिक करण्याजोगा भाग मात्र चौकटभर पसरवावा, असा तो मार्ग आहे.

आधी टाळण्याजोगे मार्ग पाहू, कारण सुरुवात बहुधा तेथूनच होते. पहिल्या मार्गात चित्र, शीर्षक आणि ‘अधिक वाचा’ हे बटण या तिन्हींना एकच पत्ता दिला जातो. एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी मी स्वतः असेच केले होते. मुखपृष्ठावर नऊ चौकटी होत्या आणि माऊसने वापरताना सारे सुरळीत वाटत होते. परंतु कळफलकावरील टॅब कळीने पुढे सरकणाऱ्या वाचकाला त्या नऊ चौकटी ओलांडण्यासाठी सत्तावीस वेळा कळ दाबावी लागत होती, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या पडदावाचक प्रणालीतून लिंकची यादी काढली की ‘अधिक वाचा’ हेच शब्द नऊ वेळा ऐकू येत होते. एवढे करूनही शब्दांच्या आजूबाजूची मोकळी जागा मृतच राहिली होती, हे वेगळेच.

दुसऱ्या मार्गात कस्टम एचटीएमएल ब्लॉक (पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल भाषेतल्या खुणा थेट लिहिण्याचा ब्लॉक) वापरून चौकटीच्या वर लिंकची आरंभखूण आणि खाली समाप्तिखूण टाकली जाते. पान उघडून पाहिले तर युक्ती साधली असे वाटते. पण पुढे कोणी एखादा ब्लॉक वरखाली हलवला, की आरंभखूण एका ठिकाणी आणि समाप्तिखूण दुसऱ्याच ठिकाणी, अशी अवस्था होते. शिवाय एका लिंकच्या पोटात दुसरी लिंक किंवा बटण असू नये, हा एचटीएमएलचा नियम आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये लिंकच्या आत शीर्षक किंवा परिच्छेद ठेवण्यासही मुभा नव्हती. २०१४ साली मानक म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने ती दिली, पण लिंकमध्ये लिंक ठेवण्यास मनाई कायम राहिली. हा नियम मोडला तर ब्राउझर तक्रार करत नाही. आतली लिंक दिसताच तो बाहेरची लिंक आपणहून बंद करतो, आणि मग चौकटीचे दोन-तीन विचित्र तुकडे झालेले दिसतात, ज्याचे कारण शोधण्यात एखादी संध्याकाळ सहज खर्ची पडते.

तिसरा मार्ग जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचा आहे: ब्लॉकवर क्लिक झाले की अमुक पत्त्यावर जावे, अशी सूचना ब्लॉकला चिकटवली जाते. येथे दिसायला सर्व काही लिंकसारखे असले तरी लिंक मात्र नसते. त्यामुळे उजव्या क्लिकने ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ हा पर्याय मिळत नाही, मोबाइलवर बोट दाबून ठेवून पत्ता नकलता येत नाही, टॅब कळ तेथे थांबत नाही, आणि गूगलच्या शोधयंत्राला तो पत्ता खात्रीने सापडेल असेही म्हणता येत नाही, कारण ते पत्ता असलेल्या खऱ्या लिंकांचाच माग घेते.

आता मुख्य कृती. चित्र, शीर्षक आणि मजकूर हे ब्लॉक एकत्र निवडून त्यांचा ग्रुप करावा. शीर्षकातील संपूर्ण शब्द निवडून त्यांना इच्छित पानाची लिंक द्यावी. चित्राला आधीपासून लिंक असेल तर ती काढून टाकावी, आणि क्लिक करताच चित्र मोठे करून दाखवण्याची सोय सुरू असेल तर तीही बंद करावी. ‘अधिक वाचा’ हे शब्द दृश्य खूण म्हणून हवेच असतील, तर ते बटण म्हणून न ठेवता साध्या परिच्छेदात लिहावेत. चौकटीत लिंक एकच उरली पाहिजे. त्यानंतर ग्रुप ब्लॉक निवडून उजवीकडच्या पट्टीतील ‘ॲडव्हान्स्ड’ हा भाग उघडावा आणि ‘ॲडिशनल सीएसएस क्लास’ या रकान्यात वर्गाचे (क्लासचे) एक नाव लिहावे. सीएसएस म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, आणि वर्गनाव म्हणजे तिच्या नियमांत ही चौकट ओळखण्याची खूण. हे नाव देवनागरीतही चालते, कारण सीएसएसमध्ये वर्गनावासाठी रोमन लिपीचे बंधन नाही; आपण येथे ‘पूर्णलिंक’ असे नाव घेऊ. त्या रकान्यात नाव लिहिताना आधी टिंब देऊ नये. टिंब सीएसएसच्या नियमात येते.

यापुढचे काम सीएसएसचे आहे. थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचा तयार साचा, ब्लॉक पद्धतीची असेल तर ‘अपिअरन्स’मधील ‘एडिटर’ उघडून ‘स्टाइल्स’च्या पट्टीत ‘ॲडिशनल सीएसएस’ शोधावे. ही सोय मार्च २०२३ च्या ६.२ या आवृत्तीपासून तेथे आहे. थीम जुन्या पद्धतीची असेल तर हाच रकाना ‘कस्टमाइझ’मध्ये मिळतो. खाली दिलेले गुणधर्म आणि त्यांच्या किमती प्रत्यक्ष लिहिताना रोमन लिपीत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायच्या आहेत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिला नियम चौकटीसाठी आहे. टिंब देऊन ‘पूर्णलिंक’ हे वर्गनाव लिहावे आणि महिरपी कंसात पोझिशन हा गुणधर्म रिलेटिव्ह असा ठरवावा. दुसरा नियम शीर्षकातील लिंकसाठी आहे. पुन्हा टिंबासह वर्गनाव, एक मोकळी जागा, शीर्षकाची पातळी, उदाहरणार्थ एच ३, पुन्हा मोकळी जागा, लिंकची खूण ए, आणि तिला चिकटून दोन कोलन व आफ्टर, असा क्रम लिहावा. त्याच्या महिरपी कंसात चार गोष्टी याव्यात: कंटेंटची किंमत म्हणून रिकामे अवतरणचिन्ह, पोझिशन ॲब्सोल्यूट, इन्सेट शून्य आणि झेड-इंडेक्स १.

या चार ओळींनी काय घडते हे समजून घेतले, तर पुढे काही बिघडल्यास दुरुस्ती स्वतः करता येते. आफ्टर या शब्दाने लिंकच्या शेवटी एक अदृश्य पत्रा निर्माण होतो. पोझिशन ॲब्सोल्यूट झालेला हा पत्रा आपल्या सर्वांत जवळच्या अशा पूर्वजाला (लिंकला बाहेरून वेढणाऱ्या घटकाला) शोधतो, ज्याची पोझिशन ठरवून दिलेली आहे, आणि इन्सेट शून्य असल्यामुळे तो त्या पूर्वजाच्या चारही कडांपर्यंत ताणला जातो. पहिल्या नियमाने तो पूर्वज म्हणजे आपली चौकट होते. पत्रा लिंकचाच भाग असल्याने त्यावर पडलेले क्लिक हे लिंकवरचे क्लिक ठरते, माऊसचे टोक आपोआप हाताच्या आकाराचे होते, उजवे क्लिक चालते, आणि पडदावाचक प्रणाली मात्र शीर्षकाचे शब्दच लिंकचे नाव म्हणून वाचते. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएसच्या संचात २०१९ च्या ४.३ आवृत्तीत ‘स्ट्रेच्ड लिंक’ या नावाने आलेला तयार वर्ग याच तत्त्वावर चालतो. ज्यांची थीम बूटस्ट्रॅपवर उभी आहे त्यांना शीर्षकाच्या लिंकला तो वर्ग देऊन दुसऱ्या नियमाचे टंकन वाचवता येईल, चौकटीची पोझिशन तेवढी रिलेटिव्ह हवी.

चौकटीत एखादी दुसरी लिंक खरोखर आवश्यक असेल, उदाहरणार्थ लेखकाच्या नावाची, तर त्या लिंकला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स २ द्यावे, म्हणजे ती पत्र्याच्या वर येते आणि स्वतंत्रपणे क्लिक करता येते. अशी एक लिंक खपून जाते. तिसरी घालावीशी वाटली, तर चौकटीचा उद्देशच पुन्हा तपासावा, असे माझे मत आहे.

कळफलकावरून येणाऱ्या वाचकासाठी आणखी एक नियम लिहावा: शीर्षकातील ए या खुणेला फोकस-व्हिजिबल ही अवस्था जोडून, तिच्या आफ्टरला ३ पिक्सेल जाडीची ठळक आउटलाइन द्यावी. त्यामुळे टॅब कळीने चौकटीवर पोहोचल्यावर संपूर्ण चौकटीभोवती कड उमटते आणि आपण कुठे आहोत हे कळते. माऊस वर नेल्यावर सावली किंवा रंगबदल दाखवायचा की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे. फोकसची कड मात्र आवडीवर सोडू नये.

नियम लिहूनही केवळ शीर्षकच क्लिक होत असेल, तर बहुतेक वेळा थीमने शीर्षकाला किंवा मधल्या एखाद्या आवरणाला आधीच पोझिशन रिलेटिव्ह दिलेली असते, आणि पत्रा तेथेच अडतो. ब्राउझरमधील ‘इन्स्पेक्ट’ उघडून लिंकपासून एकेक पायरी वर जात तो अडसर शोधावा व त्याची पोझिशन स्टॅटिक करावी. आवरणावर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असला तरी हेच घडते. चौकटीतला एखादा भाग माऊस नेल्यावर किंचित मोठा होतो, अशा थीममध्ये हा दोष केवळ माऊस वर असतानाच प्रकटतो आणि त्यामुळे फार फसवा ठरतो. कव्हर ब्लॉकच्या आतल्या कप्प्याला तर जात्याच स्वतःची पोझिशन असते. चित्रावर शब्द हवे असल्यास कव्हरशी झटापट करण्यापेक्षा ग्रुप ब्लॉकलाच पार्श्वचित्र द्यावे. नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ या आवृत्तीपासून ते शक्य आहे. याउलट पानावर कुठेही क्लिक केले तरी एकच पान उघडू लागले, तर पहिला नियम लागू झालेला नाही असे समजावे: वर्गनावात चूक झाली आहे, आणि पत्रा चौकट सोडून पानभर ताणला गेला आहे. तसेच काही थीम लिंकखालची शोभेची रेघ आफ्टर वापरूनच काढतात. तेथे आपल्या नियमात आफ्टरऐवजी बिफोर लिहिले की दोहोंचा संघर्ष मिटतो.

चौकटी शेजारी शेजारी कॉलममध्ये मांडलेल्या असतील आणि मजकूर कमीजास्त असेल, तर ‘पूर्णलिंक’ हा वर्ग आतल्या ग्रुपऐवजी कॉलम ब्लॉकलाच द्यावा. ग्रुप आपल्या मजकुराएवढाच उंच राहतो, कॉलम मात्र ओळीतील सर्वांत उंच कॉलमइतका ताणला जातो, आणि लहान चौकटीच्या तळाची जागा मृत राहत नाही. लेखांची यादी आपोआप दाखवणाऱ्या क्वेरी लूप ब्लॉकमध्ये हे काम अधिकच सोपे आहे: पोस्ट टेम्प्लेटच्या आत एकदाच ग्रुप करून वर्ग द्यावा, लेखाच्या शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये शीर्षकाला लिंक करण्याचा पर्याय सुरू करावा, मुख्य चित्राची लिंक बंद करावी, आणि शीर्षकाची पातळी नियमाशी जुळते ना हे पाहावे. यादीतील प्रत्येक चौकटीला हे बदल लागू होतात.

एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवतो. ‘स्टाइल्स’मध्ये लिहिलेले सीएसएस संपादकातही लागू होत असल्याने तो अदृश्य पत्रा तेथेही पसरतो, आणि परिच्छेद दुरुस्त करायला जावे तर शीर्षकच निवडले जाते. अशा वेळी वरच्या पट्टीतून ‘लिस्ट व्ह्यू’ उघडावा आणि हवा तो ब्लॉक त्या यादीतून निवडावा.

वर्डप्रेसमध्ये पाने रचण्यासाठी एलिमेंटर हे जोडसाधन वापरणाऱ्यांना वेगळी वाट आहे. कंटेनर (तेथील चौकट) निवडून ‘लेआउट’मधील जास्तीच्या पर्यायांत ‘एचटीएमएल टॅग’ या ठिकाणी ए ही लिंकची खूण निवडली, की पत्ता भरण्याचा रकाना उघडतो. ही लिंक खरी असते. पण ती संपूर्ण मजकुराला वेढते, म्हणून आत दुसरी लिंक वा बटण मुळीच चालत नाही, आणि पडदावाचक प्रणाली चौकटीतला सर्व मजकूर लिंकचे नाव म्हणून सलग वाचते. चित्र व चार शब्दांच्या चौकटीला ही पद्धत पुरेशी आहे. मोठा परिच्छेद असलेल्या चौकटीसाठी येथेही वरील सीएसएसच वापरावे.

काही ब्लॉक मात्र क्लिक करण्याजोगे करूच नयेत. पत्रा वर आला की त्याखालचा मजकूर बोटाने किंवा माऊसने निवडता येत नाही. ज्या चौकटीत दूरध्वनी क्रमांक, कार्यक्रमाचे स्थळ किंवा बँकेच्या खात्याचा तपशील आहे, ती चौकट वाचकाला नकलून व्हॉट्सॲपवर पाठवायची असते. तिच्यावर लिंक पसरवली, तर त्याच्या हाती स्क्रीनशॉट काढण्यापलीकडे काही उरत नाही. वाचनालयाच्या त्या पानावर ‘वेळ आणि पत्ता’ ही चौकट मी शेवटी या वर्गातून वगळली आणि तिच्या तळाशी नकाशाची एक साधी लिंक ठेवली.