सेफ्टी अ‍ॅपला आधार कार्ड देण्याआधी या चुका टाळा

भेटायला येणारा मुलगा खरं बोलतोय का, हे तपासायला मुली ‘डेटिंग सेफ्टी’ अ‍ॅप घेतात. पण त्या अ‍ॅपला कोण तपासतं? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘टी’ या फक्त बायकांसाठीच्या अ‍ॅपमधून सुमारे ७२ हजार फोटो बाहेर पडले. त्यातले १३ हजारांच्या आसपास सेल्फी आणि ओळखपत्रांचे. पडताळणी झाली की पुसून टाकू, असं सांगून घेतलेले. पुसले नव्हतेच, आणि जिथे ठेवले होते तिथे धड कुलूपही नव्हतं. पाठोपाठ ११ लाखांहून जास्त खासगी मेसेजही उघडे पडले.

म्हणून पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: अशा अ‍ॅपला आधार देणं. ‘मास्क केलेलं देते की’ असं म्हणून भागत नाही. त्यात पहिले आठ आकडे झाकले जातात. नाव, फोटो, पत्ता तसाच राहतो. मुंबईत पत्ता फुटला तर निदान गर्दी आहे. आपल्या बेळगावकडे शहापूर किंवा खानापुरात गल्लीचं नाव कळलं की ‘कुणाची गं ती?’ याचं उत्तर संध्याकाळपर्यंत मिळतं. ओळखपत्राशिवाय चालत नसेल तर ते अ‍ॅप सोडून द्या. समोरच्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघणं, आधी व्हिडिओ कॉल करणं आणि पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी ठेवणं, एवढ्यावर बरंच कळतं.

दुसरी चूक नंबरची. सीमाभागात अनेकांकडे दोन सिम असतात, एक इकडचं, एक कोल्हापूरकडचं. ‘दुसरा नंबर दिलाय’ म्हणून निर्धास्त राहू नका. तोही यूपीआयला जोडलेला असेल तर पैसे पाठवायच्या खिडकीत नंबर टाकला की बँकेतलं नाव दिसतं.

फोटोत मागे काय आहे तेही बघा. केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी, कॉलेजचं गेट, गणेश मंडळाचा टी-शर्ट. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशनही बंद ठेवा.

अ‍ॅप मोबाईलवरून काढलं म्हणजे खातं गेलं, असं नाही. आधी आत जाऊन खातं डिलीट करा, मग माहिती पुसायची लेखी मागणी ईमेलने करा आणि ती जपून ठेवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हा हक्क आहे. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदींना तिथून दीड वर्षाची मुदत आहे. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर कागद देऊन बसू नका.

कुणाबद्दल लिहिताना त्याचं नाव, फोटो टाकून ‘फसवा आहे’ म्हणणंही महागात पडतं. पुरावा नसेल तर बदनामीची तक्रार तुमच्यावरच येते.

फोटो फुटलाच, किंवा कुणी त्यावरून पैसे मागू लागला, तर पैसे देऊ नका. घाबरून चॅट पुसू नका. आधी नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. बाकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात द्या. ‘मुलगा कोल्हापूरचा, तिकडे जा’ असं ठाण्यात ऐकवलं, तर झिरो एफआयआर मागा. हद्द कुठलीही असली तरी ती नोंदवून घ्यावी लागते.