सोसायटीच्या सोलर अनुदानात या चुका टाळा

छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेची जाहिरात पाहिली की सोसायटीचे चेअरमन पहिला फोन लावतात तो व्हेंडरला. घोळ तिथूनच सुरू होतो. आधी कॉमन मीटरचं लाइट बिल काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा.

हसू नका. ठाण्याकडच्या एका सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं मीटर ताबा मिळून कितीतरी वर्षं झाली तरी बिल्डरच्याच नावावर होतं. बिल सोसायटी भरत होती, त्यामुळे नाव वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. ‘पावसाळ्याआधी उरकून टाकू’ म्हणून आधी पॅनेल चढवली, अर्ज मागाहून. ग्राहक क्रमांक टाकल्यावर योजनेच्या पोर्टलवर आलं बिल्डरचं नाव, बँक खातं मात्र सोसायटीचं. २० किलोवॅटच्या अनुदानाचे ३ लाख ६० हजार रुपये अडकले. बिल्डरच्या ऑफिसला कुलूप. सेक्रेटरी मला विचारतात, “मग खातंच बिल्डरच्या नावानं काढलं तर?” नाव बदलून नेट मीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) लागेपर्यंत अख्खा पावसाळा गेला आणि पॅनेल नुसतीच धुऊन निघाली. मी तर बिलावर सोसायटीचं नाव छापून येईपर्यंत कोटेशनही मागवू देत नाही. लोक वैतागतात, वैतागू देत.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. सभेत कुणीतरी उठून सांगतं, “प्रत्येक फ्लॅटला ७८ हजार!” ती ३ किलोवॅट किंवा जास्त क्षमतेच्या वैयक्तिक घरगुती सोलरची कमाल रक्कम. सोसायटीला मिळतात किलोवॅटमागे १८ हजार, तेही सामायिक सोयींसाठी; गाड्यांचं चार्जिंग त्यात धरतात. मर्यादा घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. वीजवापर न बघता मर्यादेइतकं सोलर बसवायचा मोह नको. वर्षाचा हिशेब होताना उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव फारच किरकोळ असतो. बाराही महिन्यांची बिलं मांडा, नुसतं मे महिन्याचं नको. पंपाला टायमर आणि जिन्यात एलईडी आधी लावलेत, तर सोलर लहान घेऊनही भागतं.

स्वस्त पॅनेलच्या नादी लागू नका. अनुदानाला डीसीआर पॅनेलच लागतं, म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि आतले सेलही. नुसतं ‘मेड इन इंडिया’चं स्टिकर चालत नाही. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ लिहून घ्या आणि पॅनेल वर चढवण्याआधी अनुक्रमांकांचे फोटो काढा. “साहेब, सगळं आम्ही बघतो” म्हणणाऱ्या व्हेंडरकडे मी तर आधी हेच मागतो.

गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारला जाऊन बघा, नकाशावर नको. ठराव सर्वसाधारण सभेत करा, व्हॉट्सॅपवरच्या अंगठ्यांना ठराव म्हणत नाहीत. पोर्टलला मोबाइल नंबर पदाधिकाऱ्याचा द्या, व्हेंडरच्या पोराचा नको.

आणि अनुदान वजा करून बजेट मांडू नका. ते प्रकल्प चालू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येतं. व्हेंडर तोवर थांबत नाही, त्यामुळे पूर्ण रक्कम कुठून उभी करायची ते त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा.