जुनं लष्करी रेशन कसं जमवायचं, आणि मुंबईच्या हवेत ते टिकवायचं कसं

सैनिकांच्या जेवणाचे जुने डबे, बिस्किटांचे टिन, मेणाची पाकिटं जमवणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडे कमी, पण आहेत. नवीन माणूस पहिल्यांदा दोनच प्रश्न विचारतो, माल मिळतो कुठे आणि आतलं खाता येतं का. दुसऱ्याचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो, नाही, अजिबात नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. पण मुंबईत राहणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न तिसराच असतो, जून ते सप्टेंबर हे सगळं गंज आणि बुरशीपासून वाचवायचं कसं. तो प्रश्न डोक्यात ठेवूनच खरेदीला लागा, म्हणजे निम्मी चुकीची खरेदी आपोआप टळते.

पहिलं काम, काय जमवायचं ते ठरवा

सगळंच जमवतो म्हणणाऱ्याचं कपाट भरतं पण कलेक्शन होत नाही, म्हणून एक धागा पकडा. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन के-रेशन हा बऱ्याच जणांचा धागा असतो. १९४१ च्या सुमारास अँसेल कीज या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून ते आकाराला आलं आणि १९४२ पासून सैन्यात वाटलं जायला लागलं, दिवसाचे तीन खोके, सकाळ दुपार रात्र, प्रत्येकात एक छोटा डबा, बिस्किटं, च्युइंगगम, सिगरेटी, पेयाची पावडर. आधी खोके साधे होते, नंतर प्रत्येक जेवणाला वेगळा रंग आला, सकाळचा तपकिरी, दुपारचा निळा, रात्रीचा हिरवा. आतला खोका मेणात बुडवलेला असायचा आणि सैनिक तोच पेटवून त्यावर कॉफी गरम करायचे, त्यामुळे आतले मेणाचे खोके शाबूत मिळणं अवघड.

दुसरा धागा सी-रेशनचा, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या डबाबंद तयार जेवणाचा, आणि इथे घोळ खूप होतो. महायुद्धातलं सी-रेशन वेगळं आणि १९५८ ला आलेलं एमसीआय (मील, कॉम्बॅट, इंडिव्हिज्युअल) वेगळं. व्हिएतनाममध्ये सैनिक एमसीआयलाच सी-रेशन म्हणत राहिले, म्हणून विकणारेही तेच लिहितात, पण वय आणि किंमत दोन्ही बदलते. पुढे ८० च्या दशकात त्याची जागा एमआरईच्या (मील, रेडी-टू-ईट) पाकिटांनी घेतली. नवशिक्यांना मी नेहमी सुचवतो की एखादा पी-३८ घ्या, डबा उघडायचा तो जेमतेम दीड इंच लांबीचा घडीचा ओपनर, १९४२ चं डिझाइन. लहान आहे, त्यातलं काही नासत नाही, माळ्यावर जागाही लागत नाही.

पण मराठी माणसाने भारतीय सैनिकाच्या ताटाकडे जरूर बघावं असं मला मनापासून वाटतं. १९१४ च्या ऑगस्टपासून फ्रान्सच्या आघाडीवर गेलेली भारतीय फौज मुंबई आणि कराचीच्या बंदरातून निघाली. त्या वर्षीच्या ख्रिसमसला ब्रिटिश राजकन्या प्रिन्सेस मेरीच्या नावाने पितळी डब्यांची भेट वाटली गेली, त्यात धर्म आणि सवयी बघून वेगवेगळं सामान भरलं होतं. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखंच, शिखांना खडीसाखर आणि मसाल्यांचा छोटा टिन, बाकीच्या भारतीय सैनिकांना खडीसाखर, मसाले आणि सोबत सिगरेटी. वाटप युद्ध संपल्यावरही चालू राहिलं आणि एकूण आकडा २५ लाखांच्या वर गेला, म्हणून हा डबा आजही बाजारात सापडतो, पण मसाल्याचा तो छोटा टिन मात्र फार दुर्मिळ.

आणि कुतची लढाई वाचा. ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधल्या कुत गावात, तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, त्यात मराठा पलटणीही होत्या. रसद संपत गेली, घोडे कापले गेले, आणि बऱ्याच भारतीय सैनिकांनी ते मांस खायला नकार दिला. डब्यात काय भरायचं हा प्रश्न किती जिवावरचा असतो ते कुत वाचल्यावर कळतं, मग एखादा रिकामा टिनसुद्धा आपण वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरं, शिक्के वाचायला शिका

एमआरईच्या पाकिटावर चार आकडी लॉट नंबर असतो, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. म्हणजे ३१५६ असेल तर ३ ने संपणाऱ्या वर्षाचा १५६ वा दिवस, जूनच्या सुरुवातीचा. दशक कुठलं ते पाकिटाच्या रंगावरून, मेनूवरून ओळखायचं.

प्रिन्सेस मेरीच्या डब्याच्या नकला भरपूर आहेत, त्यामुळे झाकण नीट वाचा, मध्ये चेहरा, बाजूला एम अक्षर, कडेने मित्रराष्ट्रांची नावं, त्यात सर्बियाचं नाव तेव्हाच्या पद्धतीने सर्व्हिया असं आहे. अक्षरं बोथट आणि धातू जाड वाटला तर सावध. मात्र डबा पितळी दिसत नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका, कारण अमेरिकेहून येणारं बरंचसं पितळ मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर बुडालं आणि नंतरचे काही डबे साध्या धातूवर मुलामा देऊन केले गेले.

तिसरं, शोधायचं कुठे

चोर बाजार, मटण स्ट्रीट. दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्या दिवशी रस्त्यावर पथारीवाले बसतात, आणि टिन-डबे तिथेच जास्त मिळतात. लष्करी माल द्या असं म्हणू नका, भाव लगेच चढतो, जुने बिस्किटाचे डबे दाखवा म्हणा आणि मग शांतपणे चाळत बसा. टॉर्च आणि छोटं भिंग जवळ ठेवा.

रे रोडच्या दारूखाना भागात जुनी जहाजं तोडतात, तिथून लाइफबोटीतली बिस्किटं आणि पाण्याची पाकिटं बाहेर येतात आणि कोणी ना कोणी ती मिलिटरीची म्हणून विकतो. ती लष्करी नसतात, सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली लाइफबोटीत प्रत्येक माणसामागे किमान १०,००० किलोज्यूल अन्न आणि ३ लिटर पाणी ठेवावं लागतं, त्यातली ती असतात. विषय जवळचा आहे, जमवायला हरकत नाही, फक्त नोंद खरी करा आणि पैसे त्या हिशोबाने द्या.

परदेशातून मागवायचं असेल तर रिकामे खोके, लेबलं, धुतलेले डबे एवढंच मागवा. मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय आणता येत नाहीत. एमआरईमधल्या हीटरमध्ये मॅग्नेशियम असतं, पाणी लागलं की तो तापतो आणि हायड्रोजन सोडतो, काडेपेटी आणि इंधनाच्या वड्यांचाही तोच त्रास, हे सगळं विमानाच्या टपालात चालत नाही. उलट्या दिशेचाही कायदा लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे १९१४ चा डबा इथे विकत घेतलात तर परदेशातल्या कलेक्टरशी अदलाबदल करायला काढू नका.

आणि आत्ता सैन्यात चालू असलेलं रेशन कोणी देऊ केलं तर घेऊ नका. ते कोणाच्या तरी वाट्याचं आहे.

चौथं, डबा घरात आणायच्या आधी

हा भाग घाईत वाचू नका. भरलेला जुना डबा दिसला की आधी वरचं आणि खालचं झाकण बघा. फुगलंय का, दाबल्यावर टकटक आत-बाहेर होतंय का, जोडावर चिकट डाग आहे का. आतल्या आम्लामुळे पत्रा खाल्ला जाऊन हायड्रोजन तयार होतो, त्याने डबा फुगतो, जंतूंमुळेही फुगतो, आणि बाहेरून दोन्हीत फरक कळत नाही. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तर वास आणि चव न बदलता, डबा न फुगताही असू शकतं. म्हणून वास घेऊन बघू, जिभेला लावून बघू, असलं काही करायचं नाही. इंटरनेटवर लोक जुनं रेशन खाताना दिसतात, ते बघून आपल्या घरात तसं करू नका, मुलांसमोर तर बोलूही नका.

मुंबईत भरलेला डबा तसाच ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, इथल्या उकाड्यात तो आज ना उद्या फुटतोच आणि फुटला की शेजारची लेबलं, खोके सगळं घेऊन जातो. रिकामा करायचा तर खालून, म्हणजे वरचं झाकण आणि छपाई शाबूत राहते. गॅलरीत किंवा गच्चीवर बसा, ग्लोव्हज, चष्मा, मास्क लावा, डबा उलटा करून त्यावर ओला फडका टाका आणि फडक्याखालून तळाला दोन छोटी भोकं पाडा, कारण आतला दाब पिचकारीसारखा बाहेर येतो. निघालेलं सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाका, मोरीत ओतू नका. जागा ब्लीचच्या पाण्याने पुसून अर्धा तास तशीच सोडा. डबा साबणाच्या कोमट पाण्याने आतून धुवा, लेबल भिजू देऊ नका, आणि हेअर ड्रायरच्या गार हवेने पूर्ण कोरडा करा. जुन्या डब्यांच्या जोडाला शिसं असतं, हात धुवून मगच चहाला बसा. फुगलेला डबा असेल तर हे स्वतः करायलाच जाऊ नका, न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाकून द्या, कितीही दुर्मिळ असला तरी.

एका वस्तूपासून लांबच राहा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला आपोआप गरम होणारे सूप आणि कोकोचे डबे दिले होते, मधोमध नळी आणि तिच्यात पेटणारं मिश्रण. न वापरलेला असा डबा म्हणजे घरात दारूगोळा ठेवल्यासारखंच आहे. भोक पाडू नका, तापवू नका, विकत घेऊच नका.

पाचवं, पावसाळा

धातूला जितकं कोरडं तितकं बरं, ४० टक्क्यांच्या खाली दमटपणा असेल तर गंज बराच मंदावतो. कागद मात्र फार कोरडा झाला की तडकतो, त्याला ४५-५० बरं. म्हणून टिन आणि कागद एका डब्यात ठेवू नका. रबरी कडेचे हवाबंद प्लास्टिकचे डबे घ्या, प्रत्येकात दमटपणा मोजणारं छोटं हायग्रोमीटर आणि ओल शोषणारं सिलिका जेल. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओल शोषली की हिरवं होतं, मग ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तापवलं की परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं विषारी मीठ असतं, ते टाळा. पावसाळ्यात दर आठवड्याला आकडा बघा आणि डबे उघडायचेच असतील तर एसी चालू असलेल्या खोलीत उघडा, मुसळधार पावसात खिडकीजवळ नाही.

डबे माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, भिंतीला टेकवून नको, भिंतीची ओल येते. डांबरगोळ्या टाकू नका, वाफ प्लास्टिकला आणि आपल्यालाही वाईट. बिस्किटात पोरकिडे असले तर ते एका पाकिटातून सगळ्या घराच्या पिठात जातात, म्हणून बिस्किटं आणल्यावर घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही नाहीतर आत पाणी धरतं. मेणाचा खोका मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत एक तास जरी राहिला तरी मेण मऊ होऊन कागद चिकटतो.

पितळी डबा चिंचेने किंवा पितांबरीने चकाचक करायचा मोह आवरा, तो काळसर थर गेला की शंभर वर्षं गेली आणि किंमतही. मऊ कोरडा ब्रश पुरे. लेबल फाटलेलं असेल तर सेलोटेप लावू नका, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयात कला संवर्धनाचं केंद्र आहे, अशा जाणकारांना आधी विचारा.

सहावं, वही

प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि लिहा, कुठून आली, कधी, किती रुपयांना, आत काय होतं, काय केलं. उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट वेगळ्या शाईत लिहा आणि तुम्हाला स्वतःला दिसलेलं वेगळं, दोन्ही मिसळलं की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर माणसं लिहा. मुंबईतल्या चाळी आणि सोसायट्यांमध्ये सातारा, रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी घरं आहेत ज्यांच्यातलं कोणीतरी फौजेत होतं, आणि भारतीय सैन्याचं रेशन डब्यांपेक्षा त्यांच्या आठवणीत जास्त शिल्लक आहे. काकांना, आजोबांना नुसतं काय खायचात असं विचारू नका, उत्तर डाळ-रोटी येतं आणि विषय संपतो. विचारा, चौकीवर पहिला चहा किती वाजता यायचा, दूध पावडरीचं होतं की डब्यातलं, डबा कशाने उघडायचात, शक्करपारे कधी मिळायचे, बर्फात रोटी कडक झाली की काय करायचात, रिकामा डबा कशासाठी वापरायचात. त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, ठिकाण आणि साल विचारून घ्या, सांगायचं नसेल तर आग्रह धरू नका. घरात जुना मग, मेस टिन (सैनिकाचा जेवणाचा डबा) निघाला तर लगेच विकत मागू नका, आधी फोटो काढा आणि तो कोणाचा होता ते त्यांच्याच शब्दात लिहून घ्या.