छाटणीच्या तोंडावर मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ जाम झालाय?

पंढरपूर, बार्शी, नान्नज भागात आता द्राक्षाच्या फळछाटणीची गडबड सुरू होईल. छाटणी झाली की फवारण्या मागे लागतात, आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर एक दिवसही उभा ठेवता येत नाही. नेमका तेव्हाच, पावसाळाभर उघड्यावर राहिलेला जुना मिनी ट्रॅक्टर सुरू तर होतो, चालतोही, पण मागचा पीटीओ, म्हणजे ब्लोअरसारखं अवजार फिरवणारा दांडा, फिरत नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंबवाल्यांचीही हीच तऱ्हा. त्यामुळे छाटणीच्या आठ-दहा दिवस आधीच एकदा पीटीओ फिरवून बघा. ऐन हंगामात मेस्त्री फोन उचलत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

जाम नक्की काय झालंय, ते आधी ठरवा. इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, अवजार जमिनीवर टेकलेलं. पीटीओला अवजाराशी जोडणाऱ्या जॉइंटची पिन दाबून तो पीटीओवरून उतरवा आणि ब्लोअरकडची बाजू हाताने फिरवून बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच निघतं. गेल्या हंगामातलं औषधाचं पाणी पंपात तसंच राहिलेलं असतं आणि पंप गंजून धरतो. ट्रॅक्टर बिचारा उगाच बदनाम होतो.

जॉइंटच उतरत नसेल तर खाचांत आणि पिनेभोवती गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी आधी पिन मोकळी करा. पिन आत दबत नाही तोवर चार माणसं लावून ओढलं तरी जॉइंट येणार नाही. मग लाकडी ठोकळा धरून दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके ठोके द्या. पीटीओच्या दांड्याच्या टोकावर सरळ घण मात्र घालू नका, तो मार आतल्या बेअरिंगवर जातो. गॅसची ज्योतही लावायची नाही, रबरी ऑइल सील तिथेच मागे असतं.

जॉइंट निघाला, आता दांडा. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला आणून दांडा हाताने फिरवा. लिव्हर गुंतलेला असेल तर दांडा इंजिनाला जोडलेला राहतो, तो हलणार कसा? काही ट्रॅक्टरला चाकाच्या गतीवर चालणारा पीटीओही असतो. लिव्हर त्या खाचेत असेल तर चाकं उभी असताना दांडा हलत नाही. काही मॉडेलमध्ये पीटीओ बंद केला की आतला ब्रेक दांडा धरून ठेवतो, तो थोडा जड लागणारच. लिव्हर पडत नसेल तर कधी कधी आतले दाते दात्यावर आलेले असतात. इंजिन बंद ठेवून दांडा बोटभर फिरवा, लिव्हर सहज बसतो. एवढ्यावर कितीतरी ट्रॅक्टर गॅरेजला जायचे वाचतात.

तरीही दांडा तसूभर हलत नसेल तर तेल बघा. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा आणि सकाळी गिअरबॉक्सचा खालचा नट हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून पाणी शिरलं असेल तर आधी तेच टपकतं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळून गेलंय असं समजा. बोटावर घेऊन चोळा. नटाच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर घाबरू नका, पण चकचकीत तुकडा किंवा दात्याचा कपचा सापडला तर पुढे हात न लावता मेस्त्रीला बोलवा. नुसतं पाणी असेल तर सगळं तेल काढा, फिल्टर बदला आणि पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच नवीन तेल भरा. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, त्यामुळे मिळेल ते तेल ओतू नका. पाणी शिरलं कुठून हेही शोधा. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर किंवा सीलवर मारलेला सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा, ही नेहमीची कारणं.

डबल क्लचच्या, म्हणजे चाकांना आणि पीटीओला वेगळी क्लच प्लेट असलेल्या ट्रॅक्टरला उलटा त्रासही होतो. क्लच पूर्ण दाबला तरी पीटीओ थांबत नाही किंवा लिव्हर टाकताना दाते खरखरतात. उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून चिकटल्याची ही खूण असू शकते. आधी पेडलचं फ्री-प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, पुस्तिकेप्रमाणे आहे का बघा. ते बरोबर असेल तर पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या ओंडक्याने रात्रभर अडकवून ठेवा. तेवढ्याने सुटली तर ठीक, नाहीतर ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो. रेस वाढवून क्लच झटक्याने सोडायचा सल्ला गावात कोणीतरी देणारच, तो ऐकू नका. चिकटलेलं सुटण्याआधी दाते तुटतात.

दांडा मोकळा झाला की फिरवायला लावलेली टॉमी, पाना काढलाय याची खात्री करा, जवळ कोणी नाही ते बघा आणि मगच इंजिन लावा. अवजाराशिवाय, कमी रेसवर दहा-पंधरा मिनिटं फिरू द्या. बंद केल्यावर मागच्या हाउसिंगला हात लावा. चटका बसण्याइतकं तापलं किंवा आत कुरकुर ऐकू आली तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता आहे. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांच्या गतीला सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, उपरणं, ओढणी गुंडाळली जायला तेवढं पुरतं, म्हणून जॉइंटवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकू नका.

जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायला निघाला असाल तर विकणाऱ्याला ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडून दाखवायला लावा, नुसता मोकळा फिरवून नाही. दांड्याच्या खाचा टोकाला झिजल्यात का, दांडा वर-खाली हलतो का, सीलखाली ओल आहे का, हे बघा. पीटीओवर टोपी नसेल तर ती लगेच बसवून घ्या, आणि खाचांना ग्रीस लावल्याशिवाय ट्रॅक्टर पावसात उभा करू नका.